शून्य सावलीचा उपक्रम आणि मे महिन्यातली परवानगी

जळगावात २५ मेच्या आसपास भरदुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते. चाळीसगावला हे दोन-तीन दिवस आधी घडतं, नंदुरबारला दोन दिवस नंतर. शाळेत खगोलशास्त्र हाताने करून शिकवायचं तर याहून स्वस्त प्रयोग नाही. पण तारीख पडते ऐन उन्हाळी सुट्टीत. शाळेचं मैदान अर्धा तास उघडून घेण्यात जी दमछाक झाली, तिचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

साहित्याचं आधी उरकतो. दीड इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, पांढरा कार्डशीट चिकटवलेली प्लायवूडची फळी, गवंड्याची पाणसळ, पेन्सिल, मोबाइलचं घड्याळ. हॅक्सॉने कापलेलं टोक तिरकं येतं. कानस मारून सरळ करा आणि गुण्या लावून तपासा, म्हणजे पाइप फळीवर काटकोनात उभा राहतो. फळी एका अंशाने कलली तरी सावली पाच मिलिमीटरने चुकते, आणि मग मुलं म्हणतात, 'सर, शून्य झालीच नाही.' पाणसळ फळीवर आडवी-उभी दोन्ही ठेवून बघा, फळीखाली कागदाच्या घड्या सरकवा. काचेचा ग्लास नको, त्यातून उजेड वाकतो आणि कडा कळत नाही. लोखंडी नळीही नको, मेच्या उन्हात तिला हात लावता येत नाही.

अडलं ते कागदावर. शाळा म्हणाली, सुट्टीत मुलं बोलवायची तर वरचं पत्र लागेल. वरच्या कार्यालयात अर्ज दिला तर उत्तर आलं, आधी शाळेची मागणी आणा. शाळेने मागणी दिली, मग विचारणा झाली की हा उपक्रम कोणत्या परिपत्रकात बसतो. तसं परिपत्रक नाही म्हटल्यावर अर्ज 'साहेब आले की बघू' या गठ्ठ्यात गेला. फोन करावा तर 'टिपणी अजून मांडलेली नाही.' शेवटी अर्ज शेरा मारून परत आला: उष्माघाताचा धोका, परवानगी देता येत नाही. उन्हाची काळजी रास्तच आहे, मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ वर जाणं नवं नाही. पण हीच हरकत पहिल्या दिवशी सांगितली असती तर उत्तर तयार होतं: मुलांना उन्हात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहावंच लागत नाही. कागद टेबलावर पडून असतो तेव्हाही सूर्य त्या दिवसांत रोज सुमारे अकरा कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तरेला सरकत असतो. मेची संधी गेली की पुढची १८ जुलैच्या आसपास, आणि तेव्हा आभाळ भरलेलं.

गाडी सुटली ती शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने. एप्रिलच्या बैठकीत ठराव झाला, त्याच्या आधारावर मुख्याध्यापकांनी मैदान उघडलं आणि कार्यालयाला प्रत गेली ती फक्त माहितीस्तव. त्यामुळे निकाल लागून शाळा बंद होण्याआधीच ठराव करून घ्या. त्यात मोघम 'दुपारी' लिहू नका, '१२.१० ते १२.४०' असं लिहा. एका वेळी दहा मुलं, दोघं फळीपाशी आणि बाकीची निंबाच्या सावलीत. पाणी आणि ओआरएस. पालकांची लेखी संमती. हजर राहणाऱ्या शिक्षकांची नावं. तारीख एकच टाकली तर ढग आले किंवा मध्ये रविवार पडला की सगळं बोंबललं, म्हणून सलग तीन तारखा मागा. शास्त्रीयदृष्ट्याही त्यात काही बिघडत नाही. एक दिवस मागे-पुढे झाला तर फूटभर पाइपची सावली जेमतेम एक मिलिमीटर पडते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कडाच तीन मिलिमीटर पुसट असते, डोळ्याला फरक कळत नाही. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका.

'याचा आपल्या भागाशी काय संबंध' असंही विचारलं जातं. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, आणि त्या ग्रंथांत शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीवरून दिशा-काल काढण्याच्या रीती आहेत. ठरावात या दोन ओळी जरूर घाला.

वेळेचं राहिलंच. बाराच्या ठोक्याला बघाल तर पश्चिमेला तीन सेंटिमीटर सावली दिसेल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, जळगाव त्याच्या जवळजवळ सात अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं. म्हणजे मध्यान्ह २८ मिनिटं उशिरा. मेच्या अखेरीस सूर्य घड्याळाच्या तीन मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की १२.२५. धुळ्याला १२.२८, नंदुरबारला १२.३०. जुलैत मात्र जळगावला १२.३४. आधी-नंतर पाच मिनिटं दर मिनिटाला सावलीच्या टोकाशी टिंब काढायला लावा. गावनिहाय तारीख-वेळ अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकसंपर्क समितीने उपलब्ध करून दिली आहे, तिच्याशी ताडून बघा. पाइपमधून सूर्याकडे कुणालाही डोळा लावू देऊ नका, हे सुरुवातीलाच बजावा.

मे हुकलाच तर २१ मार्च हाताशी ठेवा. शाळा चालू असते, वेगळी परवानगी लागत नाही. सोलापूर जवळपास आपल्याच रेखांशावर आहे, तिथली एखादी शाळा जोडीला घ्या. एक मीटरच्या शंकूची मध्यान्ह सावली जळगावात ३८.४ सेंटिमीटर, सोलापुरात ३१.८ च्या आसपास येते. कोनांतला फरक सुमारे ३.३५ अंश, दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३७० किलोमीटर (रस्त्याचं अंतर धरू नका), त्यावरून पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ निघतो. इथे एका मिलिमीटरची चूक परिघात सहाशे किलोमीटरची होते, आणि मीटरभर काठीच्या सावलीची कडा तर सेंटिमीटरभर पुसट. म्हणून काठीच्या टोकाला पाच मिलिमीटर भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करा. उंची मग काठीच्या टोकापर्यंत नाही, भोकापर्यंत मोजायची, आणि सावलीची लांबी भोकाच्या बरोबर खाली ओळंबा सोडून मिळालेल्या बिंदूपासून.