एसई, एक्सएलई, ईएक्स-एल : अमेरिकेत गाडी घेताना नावावर जाऊ नका

परवा रात्री भाच्याचा फोन आला. ऑगस्टमध्ये इकडे आलाय, मिशिगनला नोकरी, दोन महिने मित्राच्या गाडीतून ऑफिसला जातोय आणि आता बर्फ पडायच्या आत स्वतःची गाडी घ्यायचीये. पहिलाच प्रश्न, "मामा, एक्सएलई म्हणजे काय? आणि एसई त्याच्या वर की खाली?" मी म्हणलं आधी कुठल्या कंपनीची एसई ते सांग. तर म्हणे, "म्हणजे? कंपनीप्रमाणे बदलतं का?" हो रे बाबा, बदलतं, आणि सगळा घोळ तिथंच आहे. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण दरवर्षी आपल्याकडची कितीतरी मुलं इकडे येतात, बस ना लोकल अशा गावात राहतात आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत घाईघाईनं गाडी घेऊन मोकळी होतात.

आपल्याकडे हे तसं सोपं होतं. बाबांनी २००७ मध्ये सांगलीला स्विफ्ट घेतली तेव्हा गाडी दारात लागायच्या आत शेजाऱ्यांना माहीत होतं की व्हीएक्सआय घेतलीये. एलएक्सआय खालची, व्हीएक्सआय मधली, झेडएक्सआय टॉप, आणि शेवटी डीआय आलं की डिझेल, संपला विषय. नंतर नेक्साच्या शोरूममध्ये सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा आलं, ह्युंदाईचं एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अस्टा होतंच, पण तरी शोरूमवाल्याला "बेस मॉडेल कुठलं, टॉप कुठलं" विचारलं की काम भागायचं. इकडे व्हेरिएंटला ट्रिम म्हणतात आणि प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी.

एसईचंच बघा. ह्युंदाईची एलांट्रा घ्यायला गेलात तर एसई म्हणजे सगळ्यात खालची, तिच्यावर एसईएल, मग लिमिटेड. फोक्सवॅगनमध्ये एस खालची, एसई मधली, एसईएल वरची. आणि टोयोटाच्या कॅमरीत एसई वरही नाही आणि खालीही नाही, ती बाजूला आहे. तिथं दोन वेगळे जिने आहेत असं समजा, एक आरामाचा, एलई आणि त्याच्यावर एक्सएलई, आणि दुसरा स्पोर्टी, एसई आणि त्याच्यावर एक्सएसई. एसईमध्ये दिसणं जरा रुबाबदार आणि सस्पेन्शन जरा कडक. पंचविशीतल्या माणसाला ते आवडेलही, पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, आईची कंबर दुखत असेल आणि तुम्ही त्यांना नायगाराला न्यायचं ठरवलं असेल तर एलई बरी. आता हे त्या दोन अक्षरांवरून कुणाला कळणार सांगा. एसई ऐकून स्पेशल एडिशन असणार, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, असं वाटून लोक घेतात.

अक्षरं सोडा, जिथं अख्खा शब्द लिहिलेला असतो तिथंही तेच. सुबारूच्या बऱ्याच गाड्यांत प्रीमियम म्हणजे बेसच्या फक्त एक पायरी वर, माझदा सीएक्स-५ मध्ये प्रीमियम जवळजवळ टॉपला. होंडाच्या सीआर-व्हीत टूरिंग टॉपला असायची, तेव्हाच्या जुन्या माझदांत टूरिंग मधली, तिच्यावर ग्रँड टूरिंग, आणि स्पोर्ट नावाची सगळ्यात खालची. फोर्डच्या एफ-१५० ट्रकवर एक्सएल लिहिलेलं असतं, कपड्यांच्या हिशोबानं मोठी वाटते, पण ती कामगार-कंत्राटदारांची बेस गाडी. लिमिटेड म्हणजे मोजक्याच गाड्या काढल्यात असंही नाही, ते फक्त ट्रिमचं नाव. आणि महागड्या गाड्यांच्या आकड्यांना तर अजिबात भुलू नका. बीएमडब्ल्यूच्या २०१२ सालच्या ३२८आय सेडानमध्ये इंजिन २.८ लिटरचं नाही, २ लिटरचं टर्बो आहे. लेक्ससच्या आरएक्स ३५० मध्ये बरीच वर्षं खरोखर साडेतीन लिटरचं इंजिन होतं, २०२३ च्या मॉडेलपासून २.४ लिटरचं टर्बो आलं, पण मागचा आकडा तोच ठेवला.

मला हे एवढं मनाला का लागतं ते सांगतो. २०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही ओहायोतल्या कोलंबसला एका युज्ड कारवाल्याकडे २०१८ ची सीआर-व्ही बघायला गेलो. ऑनलाइन जाहिरातीत लिहिलेलं ईएक्स, ऑल व्हील ड्राइव्ह (एडब्ल्यूडी), किंमतही ईएक्सचीच. सीआर-व्हीत एलएक्स सगळ्यात खालची, तिच्यावर ईएक्स, मग ईएक्स-एल. आधल्या दिवशी फोनवरच ५०० डॉलर डिपॉझिट भरून ठेवलेलं, दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून. बाहेर उणे आठ सेल्सियस, बायको बाजूच्या सीटवर बसली आणि हातमोजे काढून सीट गरम करायचं बटण शोधायला लागली. गिअरच्या आजूबाजूला बघितलं, स्क्रीनवर बघितलं, कुठंच नाही. मग मी वर बघितलं तर छताला काच नाही, सनरूफच नाही. ईएक्सला दोन्ही असायला हवं. सेल्समनला विचारलं तर म्हणे मागं बघा ना, एडब्ल्यूडी लिहिलंय, म्हणजे ही वरचीच गाडी. बर्फात उभं राहून तो बिल्ला मीही बघितला आणि एक मिनिट मलाही पटलं. पण सीआर-व्हीत ऑल व्हील ड्राइव्ह हा वेगळा पर्याय आहे, तो एलएक्सवरही मिळतो, चारही चाकं ओढतात एवढंच त्यावरून कळतं.

तेवढ्यात बायको म्हणाली, व्हिन नंबर टाकून बघ. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी तिला सांगितलेलं. काचेच्या खाली ड्रायव्हरच्या कोपऱ्यात १७ अक्षरांचा नंबर असतो, बाहेरून वाचता येतो. एनएचटीएसए म्हणजे इथलं सरकारी रस्ता सुरक्षा खातं, त्यांच्या साइटवर फुकटात टाकता येतो. गोठलेल्या बोटांनी टाकला. उत्तर आलं, इंजिन २.४ लिटर. तिथंच कळलं, कारण २०१७ ते २०१९ च्या सीआर-व्हीत ईएक्स आणि त्यावरच्या सगळ्या ट्रिमना दीड लिटरचं टर्बो इंजिन आहे, २.४ चं साधं इंजिन फक्त एलएक्सला. म्हणजे आकडा मोठा आणि ट्रिम खालची!

गरम सीट नसती तरी चाललं असतं, जाड जॅकेट घातलं की झालं. पण त्या तीन वर्षांत एलएक्सला होंडा सेन्सिंग नव्हतं, म्हणजे पुढची गाडी अचानक थांबली तर आपोआप ब्रेक लावणारी, लेन सोडली की सांगणारी सिस्टिम नव्हतीच, २०२० पासून ती सगळ्या सीआर-व्हींना आली. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची, मागं कार सीटमध्ये बसणारी, आम्ही गाडी बदलत होतो तेच त्या सिस्टिमसाठी. एका अक्षराच्या फरकानं तीच गोष्ट हातची गेली असती. सेल्समन म्हणाला साइटवर टाइप करताना चूक झाली असेल. झालीही असेल, पण डिपॉझिट परत मिळवायला आठ दिवस आणि सहा फोन लागले. तीन आठवड्यांनी दुसरीकडून २०१९ ची ईएक्स घेतली, अजून तीच चालवतोय. गेल्या हिवाळ्यात आय-७१ महामार्गावर पुढचा ट्रक बर्फात घसरून आडवा झाला तेव्हा माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आधी समोर केशरी अक्षरात ब्रेक असं लुकलुकलं, त्या दिवशी घरी आल्यावर बायको काही न बोलता चहा करत होती आणि दोघांनाही फेब्रुवारीतली ती गाडी आठवत होती.

म्हणून भाच्याला म्हणलं, ट्रिमचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी कागदावर लिही तुला काय काय लागतं, आपोआप ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा दिवा (आरशात न दिसणारी बाजूची गाडी दाखवणारा), गरम सीट, ऑल व्हील ड्राइव्ह पाहिजे की नुसते चांगले स्नो टायर पुरतील, जे काय असेल ते. मग त्या सालच्या त्या मॉडेलच्या कुठल्या ट्रिममध्ये हे सगळं एकत्र येतं ते कंपनीच्याच माहितीपत्रकात शोध. साल महत्त्वाचं, कारण एका वर्षात जे वरच्या ट्रिमला असतं ते दोन वर्षांनी बेसला आलेलं असतं, मग जुनी टॉप घेण्यापेक्षा थोडी नवी बेस परवडते. आणि इथलं मॉडेलचं साल कॅलेंडरप्रमाणे नसतं, २०२४ ची गाडी २०२३ मध्येच विकायला येते. व्हिनमधलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं, इंग्रजी ‘जे’ (J) म्हणजे २०१८, ‘के’ (K) म्हणजे २०१९, ‘एल’ (L) म्हणजे २०२०. गाडी खरी कुठल्या महिन्यात बनली ते ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवरच्या स्टिकरवर असतं.

नवी गाडी घेणार असशील तर काम सोपं आहे. काचेला एक मोठा कागद चिकटवलेला असतो, त्याला मन्रोनी स्टिकर म्हणतात, ओक्लाहोमाचे सिनेटर मन्रोनी यांनी १९५८ मध्ये तो कायदा करून घेतला. त्यावर बेस किंमत, काय काय स्टँडर्ड आहे, कुठला पर्याय जादा आणि त्याचे किती पैसे, गाडी इथवर आणायचा खर्च, कुठं बनली, मायलेज किती, सगळं छापलेलं असतं, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो काढायची डीलरला परवानगी नाही. शेजारी डीलरनं स्वतःचा दुसरा कागद लावला असेल तर तो नीट वाच, टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर कोटिंग असलं काहीबाही त्यात असतं, ते मी तरी काढायलाच लावतो. आणि बोलणी करताना सगळं धरून दारातून बाहेर पडताना किती द्यायचे तो एकच आकडा विचारायचा, महिन्याच्या हप्त्यावर बोलायचंच नाही.

भाच्यानं सगळं लिहून घेतलं. काल त्यानं दोन गाड्यांचे व्हिन पाठवलेत, एक आरएव्ही४ एक्सएलई आणि एक टूसॉन एसई, दुसरी स्वस्त आहे म्हणून तिकडे ओढा आहे त्याचा. टूसॉनमध्ये एसई म्हणजे बेस हे आता त्याला माहीत आहे, पण ब्लाइंड स्पॉटचा दिवा त्या सालच्या एसईला होता का ते बघायचंय. आज रात्री मुलगी झोपली की बसतो, शनिवारी सकाळी तो गाडी बघायला निघायच्या आधी त्याला कळवायचंय.