तुम्ही विचारलंत म्हणून: आतषबाजी खरंच तशी दिसते का?

दरवर्षी दसरा झाला की हा प्रश्न येतोच, कधी मेसेजमधून, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडनं, की तुमच्या त्या कवठे एकंदच्या फोटोत दिसतं तसं खरंच दिसतं का, का सगळं एडिट केलंय? एका वाक्यात उत्तर दिलं की समोरच्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

ज्यांनी गाव बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कवठे एकंद सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवत सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि त्या वेळी शोभेची दारू उडवतात, ती रात्रभर चालते. दुकानातनं आणलेले बॉक्स फोडायचे असा हा प्रकार नाही, गावातली मंडळं स्वतः दारूकाम करतात, औट (म्हणजे आकाशात जाऊन फुटणारे गोळे), शिंगटं, झाडं, धबधबे, सगळं हाताचं काम. आणि हे काम जोखमीचं आहे, जिल्ह्यात दारूकामात माणसं गेलेली आहेत, त्यामुळं मी हे फोटो नुसते रंगीत चित्र म्हणून काढू शकत नाही.

तर उत्तर असं की नाही, डोळ्याला तसं दिसत नाही, कुणाच्याच डोळ्याला. औट वर चढतो, फुटतो, ठिणग्या खाली येतात, ह्या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात आणि आपल्याला दर क्षणी दिसतो तो पेटता ठिपका आणि त्याच्यामागची छोटी शेपटी. कॅमेऱ्याचं शटर ते तीन-चार सेकंद उघडं ठेवलं की ठिपका जिथनं जिथनं गेला ती अख्खी वाट उमटते. फोटोत जी झुंबरासारखी फुलं दिसतात ती म्हणजे त्या वाटा. घडलेलं सगळं खरंच, फक्त डोळा ते विसरत विसरत बघतो आणि सेन्सर काही विसरत नाही.

पहिल्या वर्षी मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ऑटो मोडवर काढले, कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे, त्यानं आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० वर नेला आणि सगळे औट पांढरे फटक आले, वर आकाश राखाडी. बरेच जण मला हेच विचारतात, आमचे फोटो पांढरे का येतात, तर ह्याचमुळं. दुसऱ्या वर्षी ट्रायपॉड आणि रिमोट घेऊन गेलो, आयएसओ १०० केला, पण लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे जास्त वेळाच्या फोटोतले नकोसे दाणे (नॉइज) काढणारं सेटिंग, चालू राहिलं होतं. ते चालू असलं की चार सेकंदांचा फोटो काढून झाल्यावर कॅमेरा आणखी चार सेकंद शटर बंद ठेवून एक काळा फोटो काढतो आणि त्यावरनं नॉइज वजा करतो, तेवढा वेळ तुम्हाला काहीच करता येत नाही. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा औट डोक्यावर फुटला तेव्हा मी बंद कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो. ते सेटिंग आजही घरातनं निघतानाच तपासतो.

आता जी गोष्ट समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला ती. फुलाचा उजेड शटरवर ठरत नाही, अॅपर्चरवर, म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे त्यावर ठरतो. औटातली पेटती गोळी फोटोतल्या एका ठिकाणावरनं क्षणात पुढं निघून जाते, नंतर शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर सहा, त्या ठिकाणी तिचा उजेड आणखी पडणार नसतो. शटर जास्त वेळ ठेवलं तर फुलं जास्त येतात आणि मागचं आकाश, धूर, रस्त्यावरचे हॅलोजन उजळत जातात एवढंच. म्हणून बल्ब मोड लावायचा, त्यात बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं, औट वर निघाल्याचा आवाज आला की बटण दाबायचं, शेवटची ठिणगी विझली की सोडायचं. मोजायचं नाही, ऐकायचं. मी एफ ११ पासून सुरुवात करतो (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान आणि उजेड कमी). कोळशाच्या आणि लोखंडाच्या किसाच्या सोनेरी ठिणग्या मंद असतात, त्याला एफ ८ वर येतो. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियमचा चांदीसारखा पांढरा प्रकाश मात्र इतका जोरात असतो की एफ १६ सुद्धा कधी कधी पुरत नाही.

रंगासाठीसुद्धा हेच महत्त्वाचं. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा, आणि ह्यातला निळा सगळ्यात अवघड, कारण ज्वाला जास्त तापली की तांब्याचा तो निळा देणारा संयुग टिकत नाही, रंग फिका पडतो. म्हणजे चांगला निळा काढला असेल तर करणाऱ्याचा हात खरोखर बसलेला आहे. तो जर माझ्या चुकीनं पांढरा आला तर नंतर लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) कितीही स्लायडर ओढा, परत येत नाही. म्हणून फोटो थोडा अंधारा आला तरी चालेल पण जळता कामा नये, आणि रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्येच, काढायचा.

फोकस आधीच देवळाच्या शिखरावरच्या लाइटवर करून घेतो, मग मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी लावतो. ट्रायपॉडवर आहे म्हणून स्टॅबिलायझेशन बंद. मोबाइलवाल्यांनी स्टँड घ्या, प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी, शटर दोन सेकंद, फोकस लांबचा, बरंच काम होतं.

धुराला मात्र कुठलंही सेटिंग नाही. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं म्हणजे धूर आपल्यापासनं लांब जातो, आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं, कारण तेव्हाच हवा स्वच्छ असते. मी एका ओळखीच्या घराच्या माडीवर थांबतो, सुती शर्ट घालून, ठिणगी कुठंही येऊ शकते. दिवाळीला अमावास्या असते पण दसऱ्याला दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत वर असतो, त्याच्या उजेडात साचलेला धूर दुधासारखा दिसतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी मध्यरात्रीआधी धुरासकट गाव आणि पालखीची गर्दी घेतो आणि चंद्र मावळला की फक्त आकाश.

एडिटिंगचं विचारलंत, तर करतो, लपवायचं काय त्यात. व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) ४००० केल्विनच्या आसपास, हायलाइट म्हणजे उजळ भाग खाली, ब्लॅक म्हणजे काळे भाग खाली, धुरासाठी धूसरपणा कमी करणारं डीहेज थोडंसंच, जास्त केलं की धुराला घाण कडा येतात. नॉइज रिडक्शन जवळपास नाहीच कारण ते बारीक ठिणग्या पुसून टाकतं. चार-पाच फोटो एकावर एक ठेवून लायटन मोडमध्ये (प्रत्येक जागी जे जास्त उजळ तेच राहतं) जोडता येतात, आकाश भरून जातं, मीही एक-दोन वर्षं केलं. मग सोडलं.

सोडलं त्याचं कारण एका मंडळातले काका. दुसऱ्या दिवशी त्यांना फोटो दाखवायला गेलो होतो. मला वाटलं छान म्हणतील. त्यांनी चष्मा लावला, लॅपटॉप जवळ ओढला आणि विचारलं, ह्यातला आमचा कुठला? तीन मंडळांचे औट मी एका आकाशात जोडले होते. मग मी मूळ एकेक फोटो उघडला. त्यांचा आला तेव्हा बोट ठेवून गोलाची वाट फिरवली आणि डाव्या बाजूला थांबले, तिथं दोन-तीन रेघा कमी होत्या. "ह्या गोळ्या पेटल्याच नाहीत बघ," म्हणाले, "रात्री खालनं कळलं नव्हतं." मला ती जागा दिसलीच नव्हती, आणि दिसली असती तर मी ती भरून टाकली असती हे तेव्हाच लक्षात आलं. निळा किती वेळ टिकला तेही त्यांनी रेघेच्या लांबीवरनं बघितलं.

निघताना म्हणाले, तो जोडलेला नको, हा मोकळ्या जागेचा फोटो पाठव. तेव्हापासनं दसऱ्यानंतर पहिला फोटो त्यांनाच जातो, क्रॉपसुद्धा न करता.