तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूबाचा रेग्युलेटर घरी उघडावा की टेक्निशियनकडे द्यावा?

"ताई, तुम्ही वाळूजला कारखान्यात दिवसभर व्हॉल्व्हच उघडता, स्वतःचा रेग्युलेटरही घरीच करता. मग आमचाही करून द्या की. मुंबईला कशाला पाठवायचा?" छत्रपती संभाजीनगरात स्कूबा करणारी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणारी मंडळी थोडी, पण जी आहेत ती भेटली की हे विचारतातच. रेग्युलेटर म्हणजे त्या टाकीतली हवा श्वास घेता येईल इतक्या दाबावर आणणारं यंत्र. कुणी मालवणला कोर्स केलेला असतो, कुणी अंदमानात. काही जण विहिरी-धरणांत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या पथकांतले असतात. सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते.

माझा मी उघडते. तुमचा उघडणार नाही. तुम्ही तुमचा उघडावा की नाही हे हातातल्या कसबावर ठरत नाही. जोडून झाल्यावर तो नीट जोडला गेलाय हे तुम्ही मोजून दाखवू शकता का, यावर ठरतं.

आधी यंत्राबद्दल. टाकीत हवा असते साधारण २०० बार दाबाची. टाकीच्या तोंडावर बसणारा फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त, इतक्यावर उतरवतो. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. श्वास ओढला की त्यातला डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, आत खेचला जातो, लिव्हर दबतो आणि लागेल तेवढी हवा येते. १९४३ साली फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि जाक-ईव्ह कुस्तो यांनी हे साधन तयार केलं. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी एक रेग्युलेटर केला होता, त्यातूनच हे पुढे आलं. त्यामुळे कारखान्यात न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेच्या, लाइनवर काम केलेल्या माणसाला फर्स्ट स्टेज उघडून दाखवला, तर त्याला तो लगेच कळतो. सुटे भाग थोडेच असतात: पिस्टन किंवा डायफ्राम, स्प्रिंग, सीट, काही ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कड्या), एक फिल्टर.

आणि इथेच आपल्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या माणसांना मोह होतो. उघडायला सोपा, म्हणजे करायला सोपा, असं वाटतं. पण आत एक बारीक गोल धार असते आणि तिच्यावर प्लास्टिकची सीट टेकते. टाकीचा सगळा दाब अडवायचं काम या दोन गोष्टींचं. जुनी ओ-रिंग काढताना स्टीलची सुई त्या धारेला लागली, तर नजरेला न दिसणारा ओरखडाही पुरतो. म्हणून आत पितळी नाहीतर प्लास्टिकच्याच सुया वापरायच्या. ओ-रिंगचंही तसंच. मापाची ओ-रिंग आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांत मिळते, पण माप जुळलं म्हणजे ओ-रिंग जुळली असं नाही. जास्त दाबाच्या जागी ९० कडकपणाची (रबराचा कडकपणा आकड्यात मोजतात) लागते. तिथे ७० ची बसवली तर दाबाखाली ती फटीतून पिळून बाहेर येते. रबर कुठलं आहे तेही बघावं लागतं. ईपीडीएम या रबराच्या ओ-रिंगला खनिज तेल लागलं की ती फुगते, म्हणून मशिनवर मारतो तो स्प्रे किंवा पेट्रोलियम जेली रेग्युलेटरच्या जवळ आणायचीच नाही. जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर तेला-ग्रीसने आग लागण्याचा धोका असतो. त्यांना ऑक्सिजनला चालणारंच ग्रीस हवं.

मला हे जमतं, कारण माझ्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल माझ्याकडे आहे, त्याचं मूळ किट, म्हणजे बदलायच्या सुट्या भागांचा संच, मला मिळतं, आणि टॉर्क रेंच, अल्ट्रासॉनिक क्लीनर, गेज हे सगळं हाताशी आहे. बऱ्याच कंपन्या किट फक्त आपल्या अधिकृत टेक्निशियनलाच देतात. तुम्हाला किट मिळत नसेल तर चर्चा तिथेच संपली. जुनी सीट पुसून परत बसवणं म्हणजे सर्व्हिस नाही. पैसे वाचवण्यासाठी म्हणाल, तर एका सेटसाठी ही हत्यारं जमवण्यात टेक्निशियनच्या कित्येक बिलांपेक्षा जास्त खर्च होतो. हिशेबासाठी हे काम कुणी अंगावर घेऊ नये.

आता जे कुणालाही करता येतं आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं, ते सांगते: धुणं. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच रेग्युलेटरच्या फटींत बसतो. समुद्राचं मीठ काढायला म्हणून आपण त्याला क्षारांची अंघोळ घालतो. त्याहून वाईट म्हणजे आरओच्या मशिनमधून बाहेर पडणारं पाणी. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने पुष्कळ घरांत ते धुण्याला वापरतात, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. शेवटची बादली आरओच्या पिण्याच्या पाण्याची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या. उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांत एक बादली चांगलं पाणी यावर खर्च करणं जिवावर येतं, मला कळतं, पण भिजवून ठेवायला एक बादली पुरते, नळ सोडून ठेवायची गरज नाही.

मुख्य म्हणजे घरी येईपर्यंत थांबू नका. मालवणहून इकडे यायला रात्र जाते, तोवर मीठ सुकून खडा होतो. निघण्याआधी तिथेच गोड्या पाण्यात भिजवा. भिजवताना फर्स्ट स्टेजची टोपी कोरडी करून घट्ट बसवलेली हवी, आणि टाकी जोडलेली नसताना सेकंड स्टेजचं बटण दाबायचं नाही. ते दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. सावलीत वाळवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, रबर-सिलिकॉन लवकर खराब होतं. ठिणग्या उडणारी विजेची मोटर चालते त्या खोलीतही नको, कारण त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि नायट्राइल रबरला त्याने चिरा पडतात.

यानंतर मोजणं. एक छोटं इंटरमीडिएट प्रेशर गेज, म्हणजे फर्स्ट स्टेजने उतरवलेला दाब दाखवणारं, प्रत्येकाने घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. बीसीडीच्या (पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटच्या) होजला ते जोडायचं. सेकंड स्टेज जागेवर असल्याशिवाय टाकी उघडायची नाही, कारण दाब हाताबाहेर गेला तर बहुतेक रचनांत सेकंड स्टेजच उघडून तो सोडून देतो. टाकी हळू उघडा, बटण काही वेळा दाबून सोडा आणि काट्याकडे बघा. तो कंपनीने दिलेल्या मर्यादेत येऊन जागच्या जागी थांबला पाहिजे. थांबला आणि मग सावकाश वर सरकायला लागला, तर सीट गेली समजा. पाण्यात हेच सेकंड स्टेजमधून सतत हवा सुटण्याच्या रूपाने दिसतं. काट्यावर ते घरीच, पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी दिसतं.

सेकंड स्टेजसाठी तर गेजही नको. टाकी चालू ठेवून तो माउथपीस वर करून पसरट पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू बुडवा. डायफ्राम साधारण अडीच ते चार सेंटिमीटर खाली गेला की हवा सुटायला लागावी. फार आधी सुटली तर तो जास्त हलका लावलाय, उशिरा सुटली तर श्वास जड जाणार. टाकी न जोडता, टोपी लावून, माउथपीसमधून हवा ओढून बघा. हवा आत आली तर डायफ्राम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर जाण्याची झडप) गळतोय आणि पाण्यात तोंडात पाणी येणार. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर दिसतो, त्याचा रंग बघा. हिरवट झाला असेल तर आत ओल शिरली आहे, तांबूस म्हणजे स्टीलच्या टाकीतला गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरचं तेल किंवा कार्बन. यातल्या एकाही गोष्टीला पाना लागत नाही.

टेक्निशियनकडून परत आलेला रेग्युलेटरही असाच तपासायचा. नवी सीट धारेवर बसायला थोडा वेळ घेते, त्यामुळे दाब पुन्हा थोडा हलतो आणि कधीकधी परत लावून घ्यावा लागतो. यात कामाची चूक असतेच असं नाही. सर्व्हिसनंतरचा पहिला डाइव्ह उथळ ठेवायचा तो त्यासाठी. देताना त्यांना दोन गोष्टी मागा: काढलेले जुने भाग, आणि सर्व्हिसनंतरचा दाब लिहून. ट्रॅक्टरचं काम झालं की गावातला मिस्त्री जुने बेअरिंग समोर ठेवतो, तसंच. चांगला टेक्निशियन या मागणीवर खूश होतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मग तुमचा मी का करत नाही? पुष्कळांना वाटतं, माझा हिशेब सरळ आहे: मी उघडला, मीच त्यातून श्वास घेणार, धोका माझा. मलाही पूर्वी तसंच वाटायचं, पण ते पुरतं खरं नाही. माझ्या फर्स्ट स्टेजवर एक पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा सेकंड स्टेज, लावलेला आहे आणि तो माझ्यासाठी नाही. जोडीदाराची हवा संपली तर तो त्याच्या तोंडात जाणार. म्हणजे माझ्या घरच्या टेबलावर केलेल्या कामावर आणखी एका माणसाचा श्वास अवलंबून आहे. म्हणून उतरण्याआधी मी जोडीदाराला सांगते की हा मी स्वतः सर्व्हिस केलाय, हे त्याचे आकडे, आणि तुला नको असेल तर मी भाड्याचा घेते. तो नको म्हणाला तर मला राग येत नाही. तुमच्या सेटवर मी हात मारला तर तुमच्या जोडीदाराला हे विचारायला मी तिथे नसणार. शिवाय तुमच्या मॉडेलचं शिक्षणही माझ्याकडे नाही.

शोध पथकांतल्या भावांना तर मी हात जोडून सांगते: तुमचं काम गाळात आणि अंधारात, घाईचं, आणि एक सेट अनेकांच्या तोंडी. तुमच्याकडे घरगुती सर्व्हिसचा विचारही नको. टेक्निशियनकडेच द्या, प्रत्येक सेटची वही ठेवा, आणि दर कामानंतर सेकंड स्टेजच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण अडकलाय का ते बघा. पथकाला ज्यांच्याकडून निधी मिळतो, त्यांच्याकडे सर्व्हिसचा खर्च दरवर्षी वेगळा मागा. सेट विकत घ्यायला पैसे मिळतात, सांभाळायला कुणी देत नाही, आणि हे मला फार लागतं.

बाकीच्यांसाठी वेळापत्रक सोपं आहे. पावसाळ्यात मालवणचं डाइव्हिंग बंद असतं. जूनमध्ये सेट पाठवा, पाठवण्याआधी गेजवरचा आकडा लिहून ठेवा. परत आला की पुन्हा मोजा, रात्रभर सोडून सकाळी पुन्हा बघा, आणि सप्टेंबरमध्ये शहरातल्याच पोहण्याच्या तलावात एकदा उतरून घ्या. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा तिथून आल्यावरही ती एक बादली लागेलच. मोजायला कुणाला सोबत हवी असेल तर रविवारी सकाळी मी घरी असते. गेज माझ्याकडे आहे, भरलेली टाकी तेवढी घेऊन या.