एन्लार्जर घेऊन चोर बाजारात जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

"फिल्मचा जमाना परत आलाय, जुन्या एन्लार्जरला मुंबईत सोन्याचा भाव आहे," असं सांगणाऱ्या मित्राशी मी सध्या बोलत नाही.

काकांच्या मिरजेतल्या स्टुडिओची डार्करूम रिकामी करायची होती. मेओप्टा ओपेमस एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र), त्याला ५० मिमीची ईएल-निक्कॉर लेन्स, फिल्म धुवायची पॅटरसनची टाकी, ट्रे, लाल दिवा आणि ऊटीच्या 'इंदू' फोटो-कागदाची तीन न फोडलेली पाकिटं. सगळं बांधून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. प्रवास ठीक झाला. गाडी सकाळीच सीएसएमटीला टेकते आणि दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत, तेव्हा मधले तास सामानावर बसून काढायची तयारी ठेवा.

कॅमेऱ्याच्या दुकानांचा बोरा बाजार स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पहिल्याच दुकानदाराने एन्लार्जरकडे बघितलंसुद्धा नाही. "लेन्स दे, पंधराशे. बाकीचं घेऊन जा." मला राग आला. तिथेच चुकलो.

मग मटन स्ट्रीटला, म्हणजे भेंडी बाजारातल्या चोर बाजारात, जायला टॅक्सी केली. मीटरने पन्नास-साठ रुपयांचं अंतर. पठ्ठ्याने गाडी जे.जे. उड्डाणपुलावर घातली, भेंडी बाजार खाली राहिला आणि आम्ही पार जे.जे. हॉस्पिटलच्या पुढे उतरलो. तिथून वळसा, ट्रॅफिक आणि वर "सामान जास्त आहे" म्हणून साडेतीनशे रुपये. पुलाखालून घ्यायचं बसण्याआधीच ठरवा, आणि मीटर पडल्याशिवाय डिकी उघडू देऊ नका. गल्लीत टॅक्सी शिरली नाहीच. एन्लार्जरचा खांब खांद्यावर, पाट काखेत, समोरून हातगाड्या. घामाने चष्मा निसटत होता. शुक्रवारी जाऊ नका, तिथली दुकानं बंद असतात.

तिथल्या एका दुकानदाराने सगळ्याचे मिळून चार हजार सांगितले. मग "बघू" म्हणत लेन्स फिरवून काढली, टॉर्च मारला आणि "फंगस है" म्हणून आतल्या पोराकडे दिली. भाव अठराशेवर आला, मग लोखंड किलोवर. मी तीनदा मागितल्यावर लेन्स परत मिळाली. तोवर दुसऱ्याने कागदाचं एक पाकीट काळ्या वेष्टनासकट उघडून उजेडात धरलं होतं. उजेड लागला की हा कागद वाया. गेलं ते.

म्हणून सांगतो, लेन्स कुणाच्या हातात देण्याआधी टॉर्च लावून स्वतःच फोटो काढून ठेवा. निगेटिव्ह कॅरिअर (निगेटिव्ह धरायची चौकट) आणि दुधी बल्ब सोबत असू द्या, सगळे आधी तेच विचारतात. वापरलेला हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) मुंबईला नेऊ नका. त्यात चांदी असते हे खरं, पण त्यासाठी आपल्याकडे सोनं-चांदी गाळणारे विट्याचे गलाईवाले आहेत, आणि दोन बाटल्यांत चहाचेही पैसे निघणार नाहीत.

संध्याकाळी पाय ओढत पुन्हा बोरा बाजार. सकाळचा भाव गेला होता, लेन्सचे चौदाशे मिळाले. बाकीचं लोकलने डोंबिवलीला मामाकडे नेलं. गर्दीच्या वेळी हा वेडेपणा करू नका. पुढचे दोन दिवस मामीने चांगलंचुंगलं खाऊ घातलं.

दोन आठवड्यांनी कला महाविद्यालयातला एक मुलगा घरी येऊन एन्लार्जर अडीच हजाराला घेऊन गेला. लेन्स असती तर सहा दिले असते म्हणाला. त्याने मग लेन्स कुठून आणि कितीला घेतली, ते मी मुद्दामच विचारलं नाही.