तुम्ही विचारलंत म्हणून: ४५ डिग्रीत तो कूलर काय थंड करतो?

परतवाड्यात गाडी लावली की कोणीतरी वाकून ग्रीलमधून बघतं अन् विचारतं, भाऊ हे दुसरं रेडिएटर काहून बसवलं? गिअरबॉक्सच्या तेलाचा, एटीएफचा कूलर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ ची, ती काय थंड करणार बाप्पा?

करते ना. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर तेलातूनच ताकद पुढं देतो, स्पीड कमी अन् लोड जास्त असला की तेल नुसतं घुसळतं अन् तापतं. समृद्धीवर एका स्पीडनं चाललात तर लॉकअप लागतो, म्हणजे कन्व्हर्टर आतून थेट जोडला जातो अन् तेल घुसळणं थांबतं, तिथं फारसं काही नाही, पण चिखलदऱ्याचा घाट, आत सात माणसं, वर कॅरिअरवर सामान, मग कठीण. कंपनीचा कूलर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच असतो आणि तिथलं कूलंट स्वतःच ९० च्या आसपास, ते तेलाला त्याच्या खाली कसं नेणार? ४५ ची हवा त्याच्यापुढं थंडच की!

म्हणून नवा कूलर तेलाच्या वाटेत रेडिएटरच्या नंतर, गिअरबॉक्सकडं परतीच्या लाइनवर. लाइन ओळखायची तर थंड गाडी चालू करून दोन्ही पाइपांना हात लावा, पंख्यापासून सांभाळून, आधी गरम होतो तो जाणारा, दुसरा परतीचा. पाइप एटीएफसाठीचाच घ्या, मेकॅनिक पेट्रोलचा लावतो म्हणाला तर नाही म्हणा. अन् ते रेडिएटरच्या पातळ पत्त्यांतून, म्हणजे फिन्समधून, प्लॅस्टिकचे टाय ओवून कूलर लटकवणं मला अजिबात पटत नाही, आपल्या रस्त्यांवर घासून घासून नळीच फुटायची, सरळ पट्टीचे ब्रॅकेट करून घ्या. कूलरमध्ये तेल जातं म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं वरून टाकावं लागतं, लेव्हल कशी बघायची तेही तिथंच बघा, काही गाड्यांना डिपस्टिकच नसते.

सोयाबीन-तुरीच्या दिवसात मळणीयंत्राजवळून गेलं की कुटार कूलर अन् रेडिएटर या दोन्ही जाळ्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, ते साध्या पाण्यानं काढायचं, प्रेशर मारला की पत्ते वाकतात.

आणि एएमटीवाले, म्हणजे मॅन्युअलचेच गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीवाले, तुम्ही पैसे वाचवा. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आहे, हा कूलर लावायला तिथं लाइनच सापडणार नाही.