डोनाल्डचा राग

मिकी माऊस भेटवस्तूच्या कागदावर शोभतो. घरी जेवायला बोलवायचं झालं तर मी डोनाल्ड डकला बोलवीन. मिकी सभ्य, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुरुवातीला तोही चांगला वांड होता; पण सगळ्यांचा लाडका झाला आणि त्याचं वाह्यात वागणं लोकांना खपेना. मग पडणं, आपटणं, चिडणं ही सगळी कामं आली या बदकाकडे.

1934 साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला तोच पोटदुखीचं सोंग करत. कोंबडी म्हणते, मका पेरायला मदत कर. याचं लगेच पोट दुखतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कार्टूनमध्ये तो अनाथ मुलांसमोर कविता म्हणायला उभा राहतो. पोरं हुर्यो उडवतात आणि याचा पारा चढतो. एक मूठ पुढे रोखलेली, दुसरी हवेत गरगर, आणि स्वारीचा एका पायावर थयथयाट. क्लॅरेन्स नॅशने दिलेल्या त्या चिरक्या आवाजातलं एक अक्षर धड कळत नाही, कळायची गरजही पडत नाही. रांगेत मध्येच कुणी घुसलं की आपण तरी कुठे व्याकरणशुद्ध बोलतो?

त्याच्या रागाला कुणी भीक घालत नाही, हीच खरी मजा. अंगात खलाशाचा डगला, खाली काहीच नाही, आणि आव सेनापतीचा!

स्वीडनमध्ये दर 24 डिसेंबरला दुपारी 3 वाजता घरंच्या घरं टीव्हीसमोर बसतात. कार्यक्रमात डिस्नेची बरीच मंडळी असतात, नाव मात्र डोनाल्डचं. फिनलंडमध्ये त्याच्या नावाचं चित्रकथांचं मासिक 1951 मध्ये सुरू झालं, पुढे ते साप्ताहिक झालं. शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांना हा आरडाओरडा करणारा प्राणी का भावावा? माझा आपला अंदाज: चारचौघांत चिडायची सोय नसली, की आपल्या वतीने कुणीतरी चिडलेलं बरं वाटतं.

शिवाय चिडायची कारणंही किती ओळखीची! कार्ल बार्क्सने चित्रकथांमध्ये त्याला नातलगच असे दिले. दूरदर्शनवर रविवारी 'डकटेल्स' पाहिलेल्यांना अंकल स्क्रूज आठवत असतील. हे गृहस्थ पैशांच्या राशीत पोहतात आणि भाच्याच्या हातावर तासाला 30 सेंट टेकवतात. दुसरा तो ग्लॅडस्टोन, नात्यातलाच भाऊ. काडीचं काम करत नाही, तरी रस्त्याने जाताना त्यालाच पैशांचं पाकीट सापडतं. लग्नकार्यात असा एक तरी भाऊ भेटतोच, आणि "मग, तुझं काय चाललंय सध्या?" हेही नेमकं तोच विचारतो.