प्रेसला कोण कोण आहे?

नाशिकरोडच्या जुन्या माणसाला ‘प्रेस’ या शब्दाचा अर्थ विचारला तर तो पत्ता सांगतो. त्याआधी उलट तुम्हालाच विचारतो, ‘कुठली? नोटांची, स्टॅम्पची की गांधीनगरची सरकारी?’ आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील ‘प्रेसला’ होते. ‘प्रेसमध्ये’ असं कुणी म्हणत नसे, ‘प्रेसला’च. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा प्रेसला आहे’ एवढं कानावर पडलं की पुढची चौकशी पत्रिका जुळण्यापुरतीच उरायची.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहायला सांगितलं आहे. शिस्त आणि संस्कार यांवर बाकीचे लिहितीलच, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्या. मी आमच्या इंग्रजीच्या सरांच्या एका तासावर लिहितो.

नव्या पिढीसाठी आधी थोडी माहिती. इंग्रजांच्या काळात आपल्याकडची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. 1925 साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि तिकिटं इथे छापली जाऊ लागली. 1928 पासून नोटांची छपाई सुरू झाली, आणि 1932 पर्यंत हिंदुस्थानातल्या सगळ्या किमतीच्या नोटा इथेच तयार होऊ लागल्या. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंगा आणि ‘जय हिंद’वालं साडेतीन आण्यांचं, 21 नोव्हेंबर 1947 ला निघालं, तेही इथलंच. माझे वडील स्टॅम्पच्या प्रेसला. जाता-येता गेटवर झडती. आत काय चालतं याबद्दल घरी अवाक्षर नाही. पाहुणे दरवेळी तोच विनोद करायचे, ‘एखादा कागद आणत जा की हो घरी.’ वडील दरवेळी तितकंच हसायचे, ना कमी ना जास्त.

आता तो तास. साल 1979, आठवीचा वर्ग. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं, म्हणजे आम्ही त्या भाषेच्या अंगणात नुकते रांगत होतो. सरांनी फळ्यावर लागोपाठ वाक्यं लिहिली: ‘प्रेस द बटन’, ‘ही प्रेस्ड हिज शर्ट’, ‘ही प्रेस्ड हर हँड’, ‘आय ॲम प्रेस्ड फॉर टाइम’, ‘द प्रेस वॉज प्रेझेंट’. खाली ठळक अक्षरात एकच शब्द, ‘प्रेस’. ‘सांगा अर्थ,’ असं म्हणून ते टेबलाला टेकून उभे राहिले.

बटण दाबा, हे सगळ्यांना आलं. शर्टाला इस्त्री केली, हेही आलं, कारण कोपऱ्यावरच्या लाँड्रीवर ‘ड्रायक्लीन व प्रेस’ अशी पाटीच होती. तिसऱ्या, ‘त्याने तिचा हात दाबला’ या वाक्याला मागच्या बाकावरचा एक मित्र उठला (आता तो आजोबा झालाय, म्हणून नाव सांगत नाही) आणि पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाला, ‘सर, त्याने तिच्या हाताला इस्त्री केली.’ वर्ग कोसळला. पाचव्या, ‘पत्रकार हजर होते’ या वाक्याला दुसऱ्याने सांगितलं, ‘सर, प्रेसला सुट्टी नव्हती.’ पुन्हा हशा.

सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, ‘तुम्ही हसता कशाला? दोघांनीही शब्दाला ओळखीचा अर्थ दिला, एवढंच. आता त्या वाक्यातली शेजारची माणसं बघा.’ आणि त्यांनी फक्त शेजारचा शब्द बदलत नेला. शर्ट काढून द्राक्षं लिहिलं, तर ‘रस काढला’. द्राक्षं पुसून ‘हिज क्लेम’ लिहिलं, तर ‘हट्टाने हक्क सांगितला’. पुढे ‘हिम फॉर ॲन आन्सर’ जोडलं, तर ‘उत्तरासाठी त्याच्या मागे तगादा लावला’. शब्द तोच, खडू तोच, आणि दर खेपेला मराठीत वेगळंच क्रियापद येऊन बसायचं: दाबणं, चेपणं, पिळणं, रेटणं, तगादा लावणं. गाइडात ‘प्रेस म्हणजे दाबणे’ एवढं छापलेलं असायचं. त्या एका ओळीने आमच्या पिढीचं इंग्रजी किती वर्षं मागे ठेवलं असेल, असं मला आजही वाटतं.

मग त्यांनी मुळाची गोष्ट सांगितली. लॅटिनमध्ये दाबणे या अर्थाचा धातू, त्यातून हा शब्द. जर्मनीतल्या माइन्झ शहरात 1450 च्या सुमारास गुटेनबर्गने छपाईचं यंत्र केलं, तेव्हा दाब देण्याची युक्ती युरोपात आधीपासून होती. द्राक्षांचा रस काढायला आटे पाडलेला जाड दांडा फिरवून फळी खाली आणायचे. त्याच धर्तीवर शाई लावलेल्या अक्षरांच्या खिळ्यांवर कागद दाबला गेला. यंत्राचं नाव प्रेस, म्हणून ते जिथे ठेवलं त्या छापखान्याचं नाव प्रेस, तिथे छापलेल्या वर्तमानपत्रांनाही प्रेस, आणि शेवटी वर्तमानपत्रासाठी वही घेऊन धावणारा माणूसही प्रेस. ‘म्हणजे आमचे वडील आणि ‘गावकरी’ दैनिकाचा बातमीदार एकाच खोडाचे?’ कुणीतरी विचारलं. ‘आणि लाँड्रीवालाही,’ सर म्हणाले. मोटारसायकलच्या काचेवर ‘प्रेस’ लिहिलेलं दिसलं की मला हे आठवतं. नाशिकरोडला त्याचे तीन अर्थ निघतात, आणि ट्रॅफिक हवालदाराला तिन्ही माहीत असतात.

त्या दिवशीची खरी कमाई पुढे होती. फळ्यावर ‘प्रेस गँग’ लिहून सरांनी विचारलं, ही टोळी काय दाबत असेल? कुणी म्हणालं गळा, कुणी म्हणालं पाय. जुन्या काळी इंग्लंडच्या नौदलाला खलाशी कमी पडले की बंदरावर अशा टोळ्या फिरत आणि सापडेल त्या दर्यावर्दी माणसाला पकडून जहाजावर चढवत. अमेरिकेची जहाजं अडवून त्यांवरचे खलाशीही इंग्रज उचलून नेत, आणि 1812 साली त्या दोन देशांत जे युद्ध झालं त्याच्या कारणांत हेही एक होतं. पण या प्रेसचा दाबण्याशी मुळात संबंधच नाही. जुन्या फ्रेंचमधल्या उसने देणे या अर्थाच्या शब्दातून ‘प्रेस्ट’ आला. प्रेस्ट म्हणजे सैन्यात घेताना हातावर ठेवायचे आगाऊ पैसे. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो ती उचल. पैसे घेतले की माणूस बांधला गेला. पुढे पैसे मागे पडले, जबरदस्ती उरली, आणि ऐकायला सारखे म्हणून दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. ‘हे दोन प्रेस भाऊ-भाऊ नाहीत, नुसते आडनावबंधू आहेत,’ असं सर म्हणाले होते. इंग्रजीत ‘प्रेस्ड इन्टू सर्व्हिस’ म्हणतात तो हाच दुसरा प्रेस. त्याला मराठीत सरांनी शब्द दिला, ‘वेठीला धरणे’. वेठबिगारीतली वेठ. इतकं नेमकं भाषांतर मी नंतर क्वचितच पाहिलं.

हे सगळं सरांनी शाळेच्या कपाटातल्या जाडजूड डिक्शनरीतून शोधलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात ती डिक्शनरी वर्गातच आणून ठेवली. नंतर कधीतरी मी वाचलं की ‘रन’ या एका क्रियापदाचे ऑक्सफर्डच्या संपादकांनी 645 अर्थ मोजले. आमचा प्रेस त्यापुढे गरीब बिचारा. पण नाशिकरोडला त्याची श्रीमंती वेगळी होती.

मी आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागलो, प्रेस शॉपमध्ये. इथली प्रेस म्हणजे पत्रा कापणारी, वाकवणारी, शंभर टनांचा दाब देणारी पॉवर प्रेस. खाली डाय म्हणजे साचा, वर पंच म्हणजे पत्र्यावर आदळणारा ठोकळा. आईने सगळ्या नातेवाइकांना अभिमानाने सांगितलं, ‘धाकटाही प्रेसला लागला.’ सांगितलं ते खरंच होतं. निफाडच्या मावशीने पेढे वाटले, एका स्थळाचा निरोपही आला. आई खुलासा करेना, आणि मलाही घाई नव्हती.

पण दोन प्रेसमधलं अंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. वडिलांच्या प्रेसला माणूस लागला की पेन्शनपर्यंत घोर नाही. आमच्या शॉपमध्ये नवा माणूस आला की जुने त्याच्या हाताची बोटं बघायचे. ज्याची दहाही शाबूत, तो एकतर नवखा किंवा हुशार. मशिनला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पंच खाली येत नाही. हेतू हा, की त्या क्षणी दोन्ही हात बाहेर असावेत. काही ठिकाणी उत्पादन वाढवायला एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं असायचं, लाकडाची पाचर मारून. ‘प्रेस द बटन’ या पाचवीच्या मुलालाही समजणाऱ्या वाक्यात किती ऐवज आहे, ते मला त्या पाचरीने शिकवलं. मी सुपरवायझर झाल्यावर सगळ्यात आधी अशा पाचरी शोधून भट्टीत टाकल्या. त्यावरून वरच्यांशी वाद झाले, ते इथे नकोत.

गंगापूर धरणाकडे वाइनरी उभ्या राहिल्या, त्यांतल्या ‘सुला’ या वाइनरीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, तेव्हा तिथल्या एका मशिनच्या दुरुस्तीला मला नेलं होतं. आडवा स्टीलचा पिंप, आत रबरी पडदा. हवा भरली की पडदा फुगतो आणि द्राक्षं हलक्या हाताने चेपली जातात, बी न फुटता. कारण बी फुटलं की कडवटपणा उतरतो. मशिनवरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘न्यूमॅटिक प्रेस’. युरोपात आधी द्राक्षं पिळली आणि मग कागद छापला. नाशिकने आधी कागद छापला, द्राक्षं पिळायला पाऊणशे वर्षं थांबलं. सर असते तर त्यांना हे सांगायला मी सायकल काढून गेलो असतो.

संपादक मंडळाचा कालच फोन आला, ‘लेख लवकर द्या, स्मरणिका शुक्रवारी प्रेसला जातेय.’ म्हणजे तीही लागली. माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे. आयर्लंडमध्ये भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीपाशी कपडे ठेवायच्या कपाटाला हॉट प्रेस. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, कप प्रेसमध्ये आहेत. नाशिकरोडच्या जेलरोडला वाढलेला मुलगा तो, त्याने रात्रीच फोन केला, ‘मामा, इथे घरोघरी प्रेस आहे, पण पेन्शन एकालाही नाही.’